पाळणा हलण्याआधी

गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याचा मंगलपरिणय झाला. लग्न अगदी साधे, सकाळी अकराला. मानपान नाही, हुंडा नाही. सगळ्यांनी कौतुक केले. पण लग्नाला चार महिने होत नाहीत तोच एका रविवारी वहिनी आमच्याकडे आल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चार लोकांना शहाणपण सांगता. जरा आपल्या घरातही सांगा. हे दोघे म्हणतात, दोन वर्षे मूल नको. बाजारात बाया मला विचारतात, सुनेचं काही आहे का? मी काय तोंड दाखवू?"

मी म्हटले, "वहिनी, त्या दोघांना बोलवा. आधी त्यांचे ऐकू, मग सांगू."

पुढच्या रविवारी दोघे आले. पुतण्या नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. सूनबाई नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो गप्प बसला होता. बोलली ती सूनबाई. म्हणाली, "काका, मूल नको असे आम्ही म्हणत नाही. माझी परीक्षा होऊ द्या, नोकरीचे काही होऊ द्या. माझे रक्त साडेनऊ आहे, ते वाढू द्या. मग तुम्हीच पाळणा बांधा." एवढे बोलून ती खाली पाहू लागली. सासऱ्यासमान माणसापुढे एवढे बोलणे सोपे नव्हते. तिचे ते चार शब्द ऐकून मला माझीच वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. वाचक बंधुभगिनींनो, ती गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही. आज लिहितो, कारण तिच्यावाचून हा लेख म्हणजे कोरडा उपदेश होईल.

आम्हाला कुणी विचारले नाही, आम्हीही विचारले नाही

मी बी. कॉम. झालो, कारकुनाची नोकरी लागली आणि वर्षभरात लग्न झाले. आमची सौ. तेव्हा एकोणीस वर्षांची. बारावीची परीक्षा तिची राहिली होती. "लग्नानंतर दे," असे सगळे म्हणाले. लग्नानंतर अकराव्या महिन्यात मुलगा झाला. घरात आनंदीआनंद. मुलगा दीड वर्षाचा होण्याच्या आतच दुसरे बाळंतपण आले. त्या वेळी तिचे हिमोग्लोबिन सातवर होते. पावसाळ्याचे दिवस, रस्त्यावर चिखल, गाडी मिळेना. बाळ सातव्या महिन्यातच जन्मले. मुलगी होती. नवव्या दिवशी गेली.

त्यात दोष कुणाला द्यायचा? मी बरीच वर्षे पावसाला दिला, रस्त्याला दिला, नशिबाला दिला. आपण नशीब मानीत नाही, तरी वेळ आली की त्याच्याच आड लपतो. खरी गोष्ट एवढीच होती की, मी दिवसभर कार्यालयात लोकांच्या पै-पैचा हिशेब जुळवीत होतो आणि माझ्या घरातल्या बाईच्या अंगात रक्त किती आहे, हे मला ठाऊक नव्हते. दुसरे मूल आता हवे का, असे मी तिला एकदाही विचारले नव्हते. तिनेही मला सांगितले नाही. सांगायचे असते, हेच दोघांना माहीत नव्हते.

पुढे पाच वर्षांच्या अंतराने आम्हाला धाकटी मुलगी झाली. सौ.ने बारावी तिसाव्या वर्षी दिली. पण मधल्या त्या नऊ दिवसांचा आमच्या घरात कुणी उच्चार करीत नाही.

बाबासाहेबांच्या घरची व्यथा

आपण बाबासाहेबांची जयंती करतो, फोटोला हार घालतो. पण एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी बरीचशी बालपणीच गेली. पुढे बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच मुले झाली. त्यांतले एकटे यशवंतराव जगले. बाकीची चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. माता रमाई २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. दारिद्र्य, उपास, आजार आणि एकामागून एक बाळंतपणे यांनी त्या माउलीचे शरीर पोखरले होते.

ज्या माणसाने आपल्या घरात हे पाहिले, तो संततिनियमनाविषयी काय बोलला, हे पाहण्यासारखे आहे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. त्या विधेयकातून १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा आला.

त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे हे एकटेच झगडत होते. महर्षी कर्वे यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना काढला, तेही हेच वर्ष. या कामापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. पत्नी मालतीबाई कमावून घर सांभाळीत. या दांपत्याने विचारपूर्वक स्वतःला मूल होऊ दिले नाही. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. वाचकांनी विचारलेल्या शरीरविषयक प्रश्नांना उत्तर देणे हा गुन्हा कसा होतो, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या विषयावर बोलायला भले भले लाजत होते, त्या विषयाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले.

आणि १० नोव्हेंबर १९३८. त्या दिवशी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. सरकारने जनतेत याचा प्रचार करावा आणि साधने उपलब्ध करून द्यावीत, अशी मागणी होती. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी सभागृहात केले. पुरुषांना बाळंतकळा सोसाव्या लागल्या असत्या, तर कुणीही एकापेक्षा जास्त मूल होऊ दिले नसते, असा त्या भाषणाचा एक आशय आहे. दुसरा आशय त्याहून मोठा आहे. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर ते टाळणे तिला शक्य झाले पाहिजे. मूल व्हावे की नाही हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर अवलंबून असावे. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला तो १९५२ साली, म्हणजे त्यानंतर चौदा वर्षांनी.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. तिथे हजारो आयाबहिणींपुढे बाबासाहेबांनी हाच विषय काढला. मुलांची लग्ने घाईने करू नका, ती जबाबदारी पेलण्याची ऐपत येऊ द्या, जास्त मुले होऊ देणे हा अपराध समजा आणि आपल्याला मिळाली त्यापेक्षा चांगली सुरुवात आपल्या मुलाला देणे हे आईबापांचे कर्तव्य माना, असा तो उपदेश होता.

मी वहिनींना हे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "बाबासाहेबांनी असं सांगितलं होतं होय? आम्हाला तर कुणी सांगितलं नाही." हे ऐकून मला लाज वाटली. दरवर्षी चौदा एप्रिलला भाषण करणाऱ्यांत मीही असतोच.

तयारी म्हणजे नेमके काय?

मूल होऊ देण्याची तयारी झाली, हे ओळखायचे कसे? मी हिशेबाचा माणूस. म्हणून त्या रविवारी कागद घेतला आणि दोघांपुढे पाच प्रश्न मांडले. तेच इथे देतो.

पहिला प्रश्न शरीराचा. मुलीचे वय किती, रक्त किती? अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहेच. पण अठरा पूर्ण झाली म्हणजे शरीर लगेच बाळंतपणाला तयार झाले असे नाही. विशीच्या आतले बाळंतपण आई आणि मूल दोघांनाही जोखमीचे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एरवी बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे, गरोदरपणी निदान ११. सातच्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय. हे रक्त दिवस राहिल्यावर भरून काढायला गेले की वेळ पुरत नाही. ते आधीच भरायचे असते. फॉलिक अॅसिडची गोळीही दिवस राहण्याच्या आधी दोन-तीन महिन्यांपासून घ्यायची असते. कारण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते. तेव्हा पुष्कळ बायांना आपल्याला दिवस गेले आहेत, हेही माहीत नसते.

याच प्रश्नात सिकलसेलची तपासणी येते. आमच्या हरसूल, पेठ, सुरगाणा भागात आदिवासी बांधवांमध्ये हा आजार आहे. विदर्भात तो आपल्या बौद्ध समाजातही आहे. एकट्या नवऱ्यात किंवा एकट्या बायकोत याचा अंश असेल तर मुलाला आजार होत नाही. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक एवढी शक्यता असते की मूल आजारी जन्मेल. वाहक माणूस धडधाकट दिसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. पत्रिका जुळवण्याची चाल आपण सोडली, हे चांगले केले. त्या जागी रक्ताचा कागद जुळवण्याची चाल घालावी.

दुसरा प्रश्न पैशाचा. इथे एक सावधगिरी हवी. गरिबाने मूल होऊ देऊ नये, असे मी म्हणत नाही. तसे असते तर आपण कुणी जन्मलोच नसतो. माझ्या आईने मजुरी करून आम्हाला वाढवले. पैसा किती, यापेक्षा तो कसा येतो आणि कुठे जातो, हे पाहायचे. पुतण्याला हातात चौदा हजार येतात. खोलीभाडे साडेचार हजार. लग्नाचे थोडे कर्ज. त्या दोघांनी ठरवले आहे की दरमहा एक हजार पोस्टात टाकायचे आणि वर्षभरात कर्ज फेडायचे. बाळंतपणात तिचे काम थांबेल, तेव्हा सहा महिने घर कशावर चालेल, याचा जमाखर्च आधी मांडायचा. नोंदणीकृत आस्थापनेत नोकरी असलेल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पण दिवाळीनंतर आमच्याकडून गिरणारे, दिंडोरीकडे द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या बाईला कुठली रजा? तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार आहेत. आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेली अमृत आहार योजना आहे. ही मदत मोठी नाही, पण हक्काची आहे. त्यासाठी आधार, बँक खाते, नोंदणी हे कागद आधी तयार हवेत. कागद नसला की हक्क बुडतो, हे मी रोज टेबलावर पाहतो.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा आणि कामाचा. मुलीचे शिक्षण अर्ध्यावर असेल तर ते पुरे होऊ द्यावे. "नंतर शिक" या दोन शब्दांनी आपल्या किती मुलींच्या पदव्या खाल्ल्या, याची मोजदाद नाही. ती बाई शिकली, कमावती झाली, तर पुढच्या मुलाला दोन आधार मिळतात.

चौथा प्रश्न हातांचा. मूल आले की रात्री उठणार कोण, पाणी आणणार कोण, आजारपणात दवाखान्यात नेणार कोण? आमच्याकडे उन्हाळ्यात बाया डोंगर उतरून पाणी आणतात. पोटात मूल, डोक्यावर हंडा आणि बोटाला दुसरे मूल, असे दृश्य मी लहानपणापासून पाहिले आहे. नवरा आपला वाटा उचलणार आहे काय, हे बायकोने आधी विचारावे आणि नवऱ्याने खरे उत्तर द्यावे. मी पुतण्याला विचारले, "भात टाकता येतो का?" तो हसला. मी म्हटले, "हसू नको. बाप होण्याची पहिली परीक्षा तीच आहे."

पाचवा प्रश्न मनाचा. दोघांचे पटते का? भांडण झाले तर बोलून मिटते की हात उगारला जातो? दारू आहे का? मूल झाले की संसार सुधारेल, या आशेवर मूल होऊ देणाऱ्यांचे संसार मी पाहिले आहेत. मूल डोळे उघडते तेच भांडणात. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळवणे, कामधंद्याचे शिक्षण देणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. त्यात जन्म देणे हे कर्तव्य कुठे सांगितलेले नाही. जन्म दिल्यानंतरची कर्तव्ये सांगितली आहेत.

या पाचही प्रश्नांना शंभर टक्के उत्तर कुणाचेच तयार नसते. तशी वाट पाहिली तर कुणालाच मूल व्हायचे नाही. पण प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारले आहेत आणि बाईचा होकार मनापासून आहे, एवढे झाले की तयारीचा मोठा भाग झाला असे मी समजतो.

पाळणा लांबवायचा तर कसा?

लाज बाजूला ठेवून हेही लिहिले पाहिजे. निरोध १९६८ पासून सरकार देत आहे. आजारांपासूनही बचाव करणारे साधन तेवढेच. माला-एनची गोळी रोज घ्यायची. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी. ते थांबवल्यानंतर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हे लक्षात घ्यावे. तांबी पाच किंवा दहा वर्षांची मिळते, हवी तेव्हा काढता येते आणि बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. ही सर्व साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळ्या आणि निरोध आशाताईंकडेही मिळतात. कुणाला काय मानवेल, हे परिचारिकेला किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावे. कुठल्या तरी झाडपाल्यावर विसंबू नये.

चुकून दिवस राहिले तर १९७१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने सुरक्षित गर्भपात होऊ शकतो. सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. चोरून, अर्धवट माहितीच्या माणसाकडे जाऊन जीव गमावू नये.

दोन बाळंतपणांतल्या अंतराचेही तेच. मूल झाल्यावर पुढचे दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भपात झाला तर निदान सहा महिने. मला हे वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर!

आणि पुरुषांनो, एक आकडा पाहा. त्याच पाहणीत महाराष्ट्रात सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली दिसते आणि पुरुषांची अर्धा टक्काही नाही. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते, ताकद जात नाही. पुढे तीन महिने दुसरे साधन वापरून मग तपासणी करायची, एवढेच पथ्य. बाळंतकळाही तिनेच सोसायच्या आणि पोटावर टाकेही तिनेच घ्यायचे, हा कुठला न्याय?

सक्ती नको, उशीरही अती नको

संततिनियमनाचे नाव काढले की आमच्या भागातले जुने लोक अजून दचकतात. त्याला कारण आहे. आणीबाणीत १९७६-७७ साली देशभर लाखो पुरुषांना धरून नसबंदी केली गेली, त्यात गरीब आणि दलित-आदिवासी भरडले गेले. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. पुढे १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्ये असलेल्यांना पंचायतीची निवडणूक बंद झाली, २००५ पासून सरकारी नोकरीलाही छोट्या कुटुंबाची अट आली. १९३८ च्या ठरावात प्रचार होता, साधने होती, स्त्रीची इच्छा होती. सक्ती नव्हती. निवडणुकीचे तिकीट जाऊ नये म्हणून तिसरे मूल लपवणारे किंवा बायकोला वाऱ्यावर सोडणारे पुढारी हे नियोजन नव्हे.

सरकारची सक्ती नको, तशी सासूचीही नको. "लवकर हवे" ही सक्ती आणि "मुलगा होईपर्यंत हवे" हीसुद्धा सक्ती. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते. बाईला बोल लावणारा आपले अज्ञान उघडे करतो.

मात्र तरुणांनाही सांगतो. फार उशीर करणेही बरे नव्हे. बाईची गर्भधारणेची शक्ती तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर झपाट्याने कमी होते. फ्लॅट झाला की, गाडी झाली की, असे म्हणत म्हणत वय निघून जाते. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जावे, पस्तीस ओलांडली असेल तर सहा महिन्यांनीच. आणि जावे ते दोघांनी. पुरुषाची तपासणी सोपी आणि स्वस्त असते, तरी पहिल्यांदा बाईचीच धिंड निघते.

ज्यांना मूल झालेच नाही, त्यांनी जोतिराव-सावित्रीबाईंकडे पाहावे. जोतिरावांनी लोक सांगत असतानाही दुसरे लग्न केले नाही. १८७४ साली त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. मूल नसलेल्या त्या माउलीला आज सारा महाराष्ट्र आई म्हणतो. ज्यांना मूल नकोच आहे, त्यांचाही निर्णय त्यांचा. त्यांना नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही.

वहिनी काय म्हणाल्या

त्या रविवारी मी बोललो तेवढा वेळ वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. मला वाटले, रागावल्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, मला पाच झाली. तीन राहिली. दोन झाल्यावर मला नको होतं. पण सांगू कुणाला? सासूबाईंना? यांना? मला तर कुणी विचारलंच नाही."

घरात कुणी काही बोलेना. आमची सौ. आतून चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिले. तिने मान खाली घातली नाही. मला तेवढ्यात कळायचे ते कळले.

वहिनी उठल्या, सूनबाईजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "साडेनऊ का गं आहे रक्त? नीट जेवत नाहीस काय? नागलीची भाकरी खात जा, पालेभाजी खा, दवाखान्यातल्या गोळ्या चुकवू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता बाजारात विचारलं की मी सांगते, सून शिकतेय, झाली की कळवू."

परवा सूनबाईचा निरोप आला. रक्त साडेदहा झाले आहे. दोघांची सिकलसेलची तपासणीही झाली. दोघेही मोकळे आहेत.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीत या वर्षी जी लग्ने होतील, त्या नवरा-नवरीला भांडी आणि साडी द्याल ती द्या. पण त्याबरोबर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने त्या दोघांना शेजारी बसवून एकच वाक्य सांगावे: मूल केव्हा, ते तुम्ही दोघे ठरवा आणि तिला विचारल्याशिवाय ठरवू नका. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर आशाताईंना किंवा परिचारिकेला बोलावून अर्धा तास हा विषय काढावा. बायांनी ऐकावा, पुरुषांनी आधी ऐकावा.

आमच्या घरात वीस वर्षांपूर्वी कुणी हा विषय काढला नाही. त्याची किंमत नऊ दिवसांच्या एका मुलीने दिली. तुमच्या घरात ती कुणाला द्यावी लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

जयभीम!